डमी मजकूर

ठिपकीचं खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतंच होतं. अक्षरं गिरवायला लागली तेव्हा तिला अनुस्वाराचा एवढा लळा लागला, की दिसेल त्या अक्षराच्या डोक्यावर ती एक टिंब ठेवून द्यायची. ‘बाबा’चं ‘बांबां’ व्हायचं आणि ‘आई’चं ‘आंईं’. बाबा पहिलीच्या वर्गाचे मास्तर. त्यांनी ती पाटी हातात घेतली, लांब धरून पाहिली, जवळ धरून पाहिली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, “अगं, पोरीच्या अक्षरांना गोवर आलाय.” तेव्हापासून ती ठिपकी झाली. आता चाळिशीला टेकली, केसांत रुपेरी तारा दिसायला लागल्या, तरी ठिपकीच.

मोठी होऊन ठिपकी ग्राफिक डिझायनर झाली. हे काम काय असतं ते लोकांना पटकन कळत नाही, कारण ते चांगलं झालं की दिसतच नाही. औषधाच्या बाटलीवरचं ‘दिवसातून दोनदा’ आजीला चष्म्याशिवाय वाचता आलं, तर आजी औषधाला दुवा देते. ते अक्षर तेवढं ठसठशीत कुणी केलं हे तिच्या गावीही नसतं. बाबांनाही ते कधी नीटसं उमगलं नव्हतं.

“म्हणजे लिहिणारा वेगळा आणि छापणारा वेगळा,” ते म्हणायचे. “मग मध्ये तू काय करतेस?”

“मी ते मांडते, बाबा.”

“मांडायचं काय त्यात? भांडी आहेत?”

आई गेल्यावर ठिपकी बाबांजवळ राहायला आली. मोठ्या कंपनीतली नोकरी सोडली आणि घरापासून चालत जाण्यासारख्या अंतरावर, साबणाच्या एका बंद पडलेल्या कारखान्यात, एक कोपरा भाड्याने घेतला. कारखान्याच्या खिडक्या लोखंडी चौकटींच्या आणि छताला भिडलेल्या होत्या. वर्षानुवर्षं साबण सांडून फरशी इतकी गुळगुळीत झाली होती, की नवा माणूस आत आला की आधी घसरायचा आणि मग ओळख सांगायचा. हवा दमट झाली की भिंतींमधून अजूनही साबणाचा मंद वास सुटायचा.

या एवढ्या मोठ्या जागेत प्लायवूडच्या पडद्या घालून पंधरा-वीस जणांनी आपापले संसार थाटले होते. मातीची भांडी घडवणारी एक जण होती, तिला सगळे मातीवाली म्हणत. फोटोवाला होता. पुस्तकं शिवणारे बाइंडरकाका होते. वाऱ्यावर गरगरणारी पत्र्याची पाखरं करणारा एक जण होता. सगळ्यांना मिळून गावाने नाव ठेवलं होतं साबणवाले, आणि त्यांनाही ते आवडलं होतं. त्यांचा एक शिरस्ता होता. दर शनिवारी जो तो आपलं अर्धवट काम भिंतीला टाचायचा आणि बाकीचे त्याला सोलून काढायचे. मग सगळे मिळून कॉफी प्यायचे. सोललेल्या माणसाने कॉफी करायची, असा नियम होता. ठिपकीने पहिल्या वर्षी इतक्यांदा कॉफी केली, की फोटोवाला म्हणाला, “डिझायनर म्हणून राहा नाहीतर जा, पण कॉफीवाली म्हणून आम्ही तुला सोडणार नाही.”

नोकरीत असं कुणी बोललं असतं तर ती आठवडाभर फुगून बसली असती. इथे तिला बरं वाटलं. चूक दाखवणारा माणूस दुसऱ्या दिवशी आपली कात्री मागायला येतो, तेव्हा त्याचा राग धरता येत नाही.

एकच गोष्ट मनात कुसळासारखी टोचायची. बाबा तिथे कधी आले नव्हते. वर्षातून एकदा साबणवाले ‘उघडी दारं’ ठेवायचे. त्या दिवशी कुणीही यावं, कोपऱ्याकोपऱ्यात डोकवावं, विचारावं, हात लावून पाहावं. दोन वर्षं ठिपकीने बाबांना बोलावलं आणि दोन्ही वर्षी ते “बघू” म्हणाले. त्या घरात ‘बघू’ म्हणजे ‘नाही’ आणि ‘बघतो’ म्हणजे ‘कदाचित’. या वर्षी ते “बघतो” म्हणाले. ठिपकी दिवसभर शीळ घालत होती.

उघड्या दारांसाठी एक पुस्तिका छापायची होती. काम अर्थातच ठिपकीकडे आलं. प्रत्येकाला एक पान, पानावर मोठा फोटो आणि फोटोखाली मोठ्या अक्षरांत त्याच्या स्वतःच्या दोन ओळी. फोटो आले. ओळी काही येईनात. कलाकाराला स्वतःबद्दल दोन ओळी लिहायला सांगणं म्हणजे मांजराला आंघोळ घालणं. आधी ते पळतं, मग कपाटावर जाऊन बसतं.

आता इथे डिझायनर लोकांची एक रीत सांगायला हवी. मजकूर हातात नसला तरी पान मांडावं लागतं. मग त्या जागी काहीतरी खोटं भरून ठेवतात. त्याला म्हणतात डमी मजकूर. घर बांधताना स्लॅब सुकेपर्यंत खाली टेकू देतात ना, तसा. काही जण नुसतं ‘मजकूर मजकूर मजकूर’ लिहून मोकळे होतात. ठिपकीला ते चालायचं नाही. एकच शब्द पुन्हापुन्हा आला की पान चटईसारखं दिसतं. तिला खरी वाक्यं लागायची, एखादा शब्द आखूड, एखादा लांब, कुठे वेलांटी, कुठे उकार. आणि विचार न करता बोटांतून जी खरी वाक्यं बाहेर पडायची, ती सगळी बाबांची असायची. कितीतरी वर्षांची सवय होती ती. बँकेच्या पत्रकांपासून दातांच्या दवाखान्याच्या फलकापर्यंत, सगळ्यांच्या पोटात आधी बाबा बोलून गेले होते आणि मग खरा मजकूर आल्यावर गुपचूप निघून गेले होते.

तशीच तिने पुस्तिका भरली. मातीवालीच्या फोटोखाली, “हात धुतल्याशिवाय वहीला हात लावायचा नाही.” फोटोवाल्याखाली, “अंधारात बसून डोळे फोडून घेऊ नकोस.” बाइंडरकाकांखाली, “पुस्तकाचे कान पिळू नकोस, त्याने काय खोडी केलीय तुझी?” पाखरंवाल्याखाली, “एका जागी बस, नाहीतर खुर्चीला बांधीन.” कापडावर ठसे उमटवणाऱ्या वहिनींखाली, “उत्तर बरोबर आलं तरी रीत दाखव.” आणि शेवटच्या पानावर, स्वतःच्या फोटोखाली, “चित्रं काढून पोट भरत नाही.”

सरतेशेवटी सगळ्यांच्या ओळी आल्या. ‘माती आणि मौन यांचा संवाद’ वगैरे होत्या. ठिपकीने त्या नीट बसवल्या आणि फाइल जपून ठेवली. आता तिच्याकडे तीन फाइली झाल्या होत्या. एकीचं नाव ‘अंतिम’, दुसरीचं ‘अंतिम नवी’ आणि तिसरीचं ‘अंतिम आता खरंच’. या धंद्यातला कुठलाही माणूस इथवर ऐकून कपाळावर हात मारील. छापखान्यात गेली ती मधली.

बरं, छापण्याआधी तपासायला प्रूफ आलं नव्हतं असंही नाही. ठिपकीने ते खिडकीशी उजेडात धरलं. समास बघितले, काळा रंग फार दाट नाही ना ते बघितलं, मजकुराचा ठोकळा पानावर छान राखाडी दिसतोय ना ते बघितलं. इतकी वर्षं अक्षरं मांडून तिच्या डोळ्यांना मजकूर म्हणजे राखाडी रंगाची एक छटा झाली होती. छटा उत्तम होती. मग प्रूफ सगळ्या कारखान्यात फिरलं. जो तो आपलं पान उघडून आपला फोटो बघत होता.

“मी जरा जास्त पिवळा आलोय,” फोटोवाला म्हणाला.

“तू आहेसच पिवळा,” मातीवाली म्हणाली.

आणि सगळ्यांनी सह्या केल्या.

उघड्या दारांना दोन दिवस राहिले असताना पुस्तिकांचे गठ्ठे आले. सकाळी आलेले गठ्ठे दुपारी सोडले. मातीवाली कोपरापर्यंत चिखलाने माखलेली होती, तरी तिला दम निघेना. तिने दोन बोटांच्या चिमटीत एक प्रत उचलली, आपलं पान काढलं आणि जरा वेळाने ठिपकीच्या पडदीपाशी येऊन उभी राहिली.

“काय गं, मी हात धुऊ का आधी?”

“धू की. मला काय विचारतेस?”

“तूच म्हणतेयस. इथे छापलंय.”

ठिपकीने पान पाहिलं. पहिल्यांदा तिला राखाडी ठोकळाच दिसला. मग ठोकळ्यातून बाबांचा आवाज आला.

पाठोपाठ सगळे जमा झाले, आपापली पानं वाचायला लागले, आणि आधी एक जण आणि मग सगळे हसायला लागले. पाखरंवाला तर हसून हसून भिंतीला टेकला. “एका जागी बस, नाहीतर खुर्चीला बांधीन. अरे, माझ्या आयुष्यात माझ्या पाखरांबद्दल कुणी इतकं खरं बोललं नाही.”

“कोण आहे हा माणूस?” वहिनींनी विचारलं.

“माझे बाबा,” ठिपकी म्हणाली.

हसणं थोडं कमी झालं.

“नवीन छापायला वेळ नाही,” ती म्हणाली. “पांढऱ्या पट्ट्या कापू. प्रत्येक ओळीवर चिकटवू. मी करते सगळं, तुम्ही फक्त—”

“माझ्यावर पट्टी लावायची नाही,” फोटोवाला म्हणाला. “मी लिहिलेल्या ओळीपेक्षा ही बरी आहे. मी तुला काय दिलं होतं ते आठवतंय का? ‘प्रकाशाच्या शोधात’. शी.”

“ओळी माझ्या नाहीत रे. त्यांच्या आहेत. घरातल्या आहेत. त्यांना न विचारता मी त्या चारचौघांत मांडल्या. त्यांना काय वाटेल? थट्टा केली असं वाटेल. या वर्षी ते पहिल्यांदा येणार होते.”

“मग अजून त्यांना कळलेलं नाही ना?” मातीवाली म्हणाली. “आधी पट्ट्या लावू, मग येऊ देत.”

बाइंडरकाकांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

“सकाळी गठ्ठे आले, तेव्हा मी एक गठ्ठा वाचनालयात नेऊन ठेवला,” ते म्हणाले. “म्हटलं, लोकांना लवकर कळावं.”

बाबा रोज दुपारी वाचनालयात वर्तमानपत्र वाचायला जात.

ठिपकी घरी पोचली तेव्हा बाबा टेबलाशी बसले होते. चष्मा नाकावर होता आणि पुस्तिका समोर उघडी होती. ते रागावलेले दिसत नव्हते. ते रागावलेले दिसत नसले की तिला लहानपणापासून जास्त भीती वाटायची.

“कागद चांगला आहे,” ते म्हणाले.

“बाबा, मी सांगते काय झालं ते.”

“सांग.”

तिने सांगितलं. डमी मजकूर म्हणजे काय, तीन फाइली, मधली कशी गेली, प्रूफ कसं वाचलं नाही. वर्गातल्या मुलाने खोडरबर कसा हरवला ते सांगावं आणि मास्तरांनी ऐकावं, तसं त्यांनी ऐकलं.

“वाचनालयात दोघं जण हसत होते,” मग ते म्हणाले. “मी म्हटलं, बघू तरी. मलाही हसू आलं. पुस्तकाचे कान पिळू नकोस. म्हटलं, बरं लिहिलंय कुणीतरी. पुढचं पान वाचलं आणि मग ओळख पटली. म्हटलं, अरे, हा तर मीच.”

ठिपकी समोरची खुर्ची ओढून बसली.

“सगळी वाक्यं माझीच?”

“सगळी.”

त्यांनी चष्मा काढून ठेवला. “थट्टेचं मला काही नाही गं. चाळीस वर्षं पोरांनी माझ्या नकला केल्यात. पण एक सांग. मी जन्मभर तुझ्याशी बोललो. गोष्टी सांगितल्या, ताऱ्यांची नावं सांगितली. त्यातलं एवढंच राहिलं का तुझ्याकडे? हात धू, एका जागी बस, बांधून ठेवीन. लोकांना वाटेल, या माणसाने घरात नुसती वसवस केली.”

“मुद्दाम आठवायला बसले की दुसरंही आठवतं, बाबा. पण कागद कोरा असला आणि घाई असली की बोटं हेच लिहितात. का ते मलाही माहीत नाही.”

त्यांनी पुस्तिकेचं शेवटचं पान काढलं आणि बोट ठेवलं.

“आणि हे कधी म्हटलं मी?”

“मी कलाशाळेत जायचं म्हटलं तेव्हा. नंतरही, अधूनमधून.”

“अधूनमधून,” ते म्हणाले. उठले, पाण्याचं भांडं भरून आणलं आणि न पिता टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, “तू पट्ट्या लावणार आहेस?”

“हो.”

“वाक्यं कुणाची?”

“तुमची.”

“मग कुठलं राहणार आणि कुठलं जाणार, ते मी ठरवीन. उद्या मला तुमच्या कारखान्यात घेऊन चल. कुणाच्या तोंडी माझं वाक्य घातलंयस ते पाहिल्याशिवाय मी कशाला परवानगी देणार नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा इस्त्रीचा सदरा घालून तयार होते. एरवी तो सदरा लग्नकार्यालाच बाहेर निघायचा. कारखान्यात पाऊल टाकताच ते घसरले. पाखरंवाल्याने त्यांना सावरलं.

“सगळे घसरतात, गुरुजी. आता तुम्ही आमच्यातले.”

“ते मी ठरवायचं आहे,” बाबा म्हणाले.

पुस्तिका हातात घेऊन ते एकेका पडदीपाशी जाऊन उभे राहत. शाळेत तपासणीला साहेब आले की जसं होतं, अगदी तसं झालं. फोटोवाल्याने सदऱ्याची बटणं लावली. बाइंडरकाकांनी टेबल आवरलं आणि आवरताना डिंक सांडला.

मातीवाली चाकावर होती. बाबा तिच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मातीचा गोळा वर आला, पोकळ झाला, त्याचं पोट सुटलं, गळा आला.

“हात धुतेस का कधी?” त्यांनी विचारलं.

“जेवताना, गुरुजी.”

“वहीला हात लावतेस?”

“वहीच नाहीये माझ्याकडे. सगळं डोक्यात असतं.”

“मग हे वाक्य तुला लागू नाही,” बाबा म्हणाले. मग थोडा विचार करून म्हणाले, “पण राहू दे. तुझे हात बघून माणसाला ते आठवेलच.”

पाखरंवाल्याकडे त्यांनी एका पाखराला फुंकर घातली. ते फिरायला लागलं आणि थांबेचना. बाबा वाट बघत राहिले. “याला खुर्चीला बांधूनही उपयोग नाही,” ते म्हणाले आणि पानावर बरोबरची खूण केली. बाइंडरकाकांशी त्यांचं जरा वाजलंच. कोपरा दुमडलेलं पुस्तक सरळ होतं की नाही यावरून दोघे हमरीतुमरीवर आले, आणि शेवटी काकांनी ओलसर कापड आणि इस्त्री घेऊन करून दाखवलं तेव्हा बाबा म्हणाले, “मला हे मास्तर असताना माहीत असतं, तर किती पोरं माझ्या हातून सुटली असती.” फोटोवाल्याकडे ते आत गेले आणि बराच वेळ बाहेरच आले नाहीत. बाहेर आले तेव्हा म्हणाले, “तो अंधारात बसतो, पण त्याला तिथेच दिसतं. वाक्य चूक आहे. पण त्याला हवंय म्हणतो. ठेवा.”

वहिनींच्या वाक्यावर मात्र त्यांनी फुली मारली. “उत्तर बरोबर आलं तरी रीत दाखव, हे गणिताला. यांच्या ठशांना रीत विचारली तर ठसा बिघडेल. झाका.” वहिनींना वाईट वाटलं. त्यांनी घासाघीस केली. शेवटी, निदान दोन प्रती तरी न झाकता घरी न्यायच्या, यावर तडजोड झाली.

शेवटी ते ठिपकीच्या कोपऱ्यात आले. तिने खुर्ची पुढे केली. बाबा बसले. त्यांनी शेवटचं पान उघडलं.

“हे झाकायचं,” ते म्हणाले.

“राहू दे ना, बाबा. सगळ्यांत मजेदार तेच आहे. लोक हसतील.”

“लोक हसतील. तू हसतेस का?”

ठिपकीने टेबलावरची पट्टी सरळ केली.

“मग झाकायचं,” बाबा म्हणाले. “कात्री दे इकडे.”

आणि ते कामाला लागले. पट्ट्या कापाव्या तर बाबांनी. मुलांच्या वह्यांना कव्हरं घालण्यात जन्म गेलेला माणूस तो. पट्टी कापायची, डिंकाचं बोट फिरवायचं, ओळीवर अलगद ठेवायची आणि रुमालाने दाबायची, प्रत बाजूला, दुसरी घ्यायची. ठिपकी शेजारी आपलं काम घेऊन बसली. बसथांब्यावरच्या वेळापत्रकाचा फलक होता तो. आकडे सगळे बरोबर होते, पण पाहिलं की डोळे गोंधळायचे. ती एक रांग किंचित खाली घेत होती, लांब जाऊन बघत होती, पुन्हा येऊन किंचित वर घेत होती.

बाबांचे हात थांबले.

“आत्ता काय केलंस?”

“या दोन रांगांमध्ये थोडी जागा सोडली.”

“मला फरक दिसला नाही.”

“थांबा.” तिने आधीचं दाखवलं आणि मग आत्ताचं. पुन्हा आधीचं, पुन्हा आत्ताचं.

बाबा पुढे वाकले. “हं,” ते म्हणाले. “आधी सगळे एकदम बोलत होते. आता एकेक जण बोलतोय.”

“बरोबर.”

“किती सोडायची हे कसं कळतं तुला?”

“त्याला माप आहे की. दोन शब्दांत एक बोट.” ठिपकी स्क्रीनकडेच बघत होती. “म्हणजे बोट प्रत्येक वेळी लहानमोठं होतं, पण रीत तीच. अजूनही आधी बोट ठेवूनच बघते मी. हे बघा.” तिने स्क्रीनवर दोन रांगांच्या मध्ये करंगळी आडवी टेकवली.

बाबा त्या करंगळीकडे बघत राहिले. पहिलीच्या वर्गात, ओळींच्या वहीवर, शब्द एकमेकांना चिकटू नयेत म्हणून चिमुकलं बोट मध्ये ठेवायला त्यांनी किती मुलांना शिकवलं असेल, त्याची गणतीच नव्हती. मुलं तिसरीत जाईपर्यंत ते विसरून जायची. विसरायचंच असतं ते.

“कोरा कागद असला की फक्त वसवस आठवते म्हणालीस,” ते म्हणाले.

“हे आठवावं लागत नाही, बाबा.”

बाबांनी पुढची प्रत ओढली, पट्टीला डिंक लावला आणि ती वाकडी चिकटली. सोडवून पुन्हा चिकटवली. तीही वाकडीच बसली. “डिंक पातळ आहे,” ते म्हणाले आणि बाइंडरकाकांकडे दुसरा डिंक आणायला गेले. बराच वेळ लागला त्यांना.

उघड्या दारांच्या दिवशी सकाळपासून माणसं यायला लागली. दाराशी घसरली, सावरली, हसली, आत पसरली. पुस्तिका भराभर संपत होत्या. प्रत्येक पडदीपाशी कुणीतरी वाक्य मोठ्याने वाचत होतं आणि “हे माझे वडीलही म्हणायचे,” “माझी तर मावशी म्हणायची,” असं सांगत होतं. पाखरंवाल्याला एका बाईंनी सांगितलं, की मला हे पाखरू या वाक्यासकट हवं. तो त्यांना वाक्य कसं बांधून द्यायचं या विवंचनेत होता.

बाबा सकाळपासून ठिपकीच्या कोपऱ्यात बसले होते. जायचं नाव काढत नव्हते. टेबलाभोवती पाच-सहा मुलं गोळा झाली होती. ठिपकीने त्यांच्यासाठी अक्षरं कापून ठेवली होती, जाडी, बारीक, लाल, निळी. ती मांडून ज्याने त्याने आपलं नाव तयार करायचं होतं. एका मुलीने नावातली सगळी अक्षरं एकमेकांवर रचली होती. बाबा तिला म्हणाले, “छान आहे, पण मला वाचता येत नाही. मी म्हातारा आहे. मला जरा सोपं करून दे बघू.” मुलीने एकेक अक्षर सरकवलं. बाबा प्रत्येक वेळी चष्मा वर-खाली करून वाचायचा प्रयत्न करत होते आणि मुद्दाम चुकत होते, आणि मुलगी त्यांना पुन्हा पुन्हा समजावून सांगत होती.

तिच्या भावाने तेवढ्यात पुस्तिका चाळून शेवटचं पान काढलं.

“आजोबा, इथे काही लिहिलंच नाहीये. नुसती पांढरी पट्टी आहे.”

“लिहायचं राहिलंय,” बाबा म्हणाले.

“कोण लिहिणार?”

“मी.”

“मग लिहा की. पेन आहे माझ्याकडे.”

ठिपकी पलीकडे एका पाहुण्याला बसथांब्याचा फलक समजावत होती. तिने मान वळवली नाही, पण बोलता बोलता ती मध्येच थांबली.

बाबांनी मुलाचं पेन घेतलं, टोपण काढलं, पट्टीवर टेकवायला गेले आणि पुन्हा टोपण लावून परत दिलं.

“असं घाईत लिहायचं नसतं,” ते त्याला म्हणाले. “दुसऱ्याबद्दल लिहायचं म्हणजे आधी त्याचं काम नीट बघावं लागतं. मी एकच दिवस बघितलंय.”

“मग किती दिवस बघणार?”

“तेच विचारायचं आहे.” त्यांनी खुर्ची मागे सरकवली आणि लेकीकडे वळले. “ठिपके, सोमवारी इथे किती वाजता उघडता तुम्ही?”

“नऊला, बाबा.”

“नऊ म्हणजे उशीर होतो. या खिडकीत सकाळी उजेड चांगला येत असेल.” मग मुलीकडे वळून ते म्हणाले, “हं, आता वाचतो हां पुन्हा. पहिलं अक्षर कुठलं म्हणालीस?”